हेलियमचे म्हणून आणलेले फुगे

ताईचा हात माझ्या शहाणपणापायी भाजला. नातेवाइकांत ही गोष्ट वेगळी सांगतात, म्हणून आधी हे लिहून टाकतो.

मी रोह्याच्या एका शाळेत विज्ञान शिकवायचो, राहायला शेजारच्या वरसे गावात. ताई म्हणजे माझी थोरली बहीण. ती पेणला गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी करायची. रंग मारणारे पुष्कळ मिळतात, पण डोळे आखणारा हात कारखान्यात एखादाच असतो. ताई ब्रश घेऊन बसली की मालक स्वतः उठून पंखा बंद करायचा. मेव्हणे गेले आणि त्या उजव्या हाताच्या जोरावर तिने एकटीने संसार सांभाळला.

माझ्या लेकीच्या पाचव्या वाढदिवसाला मी आठवडाभर आधीच जाहीर करून बसलो, की आपल्याकडे हेलियमचे फुगे येणार. तोंडाने फुगवून भिंतीला चिकटवलेले फुगे मास्तरच्या घरात? छे! घरी सांगितलं, शेजारी सांगितलं, वर्गातसुद्धा सांगितलं.

वाढदिवसाला ताईला आणायला पेणला गेलो, तेव्हा रामवाडीत रस्त्याकडेला एक फुगेवाला दिसला. "हेलियमच ना?" मी विचारलं. "व्हय सर, हेलियमच हाय," तो म्हणाला. मी सहज टाकीला हात लावला. टाकी चांगली गरम होती. खाली गोणपाटावर ॲल्युमिनियमच्या पत्र्याचे तुकडे आणि कॉस्टिक सोड्याची पिशवी. या दोन वस्तू पाण्यात एकत्र आल्या की पाणी तापतं, हायड्रोजन निघतो आणि तो पेटतो. दरवर्षी परीक्षानळीला काडी लावून 'फट्' आवाज काढून दाखवणारा मीच! डोक्यात आलं, नाही असं नाही. पण मी सगळीकडे बढाई मारून बसलो होतो आणि लेक दारात वाट बघत असणार होती. वीस फुगे घेतले.

येताना एसटीत नुसता धिंगाणा. कंडक्टर म्हणाला, "मास्तर, गाडी उडवत नेताय का काय रोह्याला?" सगळी गाडी हसली. ताई फुग्यांच्या दोऱ्या मांडीवर धरून खिडकीशी बसली होती, तिलाही हसू आवरेना.

घरी आल्यावर तर मला चेवच चढला. एक फुगा सोडून त्यातली हवा तोंडात ओढली आणि चिरक्या आवाजात पाढे म्हणून दाखवले. पोरं हसून हसून लोळायला लागली. ताई तेवढी औक्षणाचं तबक लावत होती. ती म्हणाली, "अरे, निरांजन लावायचं हाय. ह्ये पेटत नाय ना?"

"ताई, आवाज ऐकलास ना माझा? हाच पुरावा. हेलियम जळत नाही."

हायड्रोजननेही आवाज अस्साच होतो. मास्तरला हेही ठाऊक होतं.

"तरी जरा लांब बांध."

"तू डोळे आख गो ताई, विज्ञान माझ्यावर सोड!" मी चिरक्या आवाजातच म्हणालो. सगळे हसले, तीही हसली. त्या हसण्याची मला आजही चीड येते, माझ्या हसण्याची.

दिवेलागणीला लेक पाटावर बसली. फोटो छान येईल म्हणून सगळ्या दोऱ्या मीच तिच्या मुठीत दिल्या. आत्याने कुंकू लावलं, अक्षता लावल्या, ओवाळायला निरांजन उचललं. पंख्याच्या वाऱ्याने फुग्यांचा झुपका खाली झुकला आणि भक्कन जाळ झाला. एवढा मोठा जाळ, की छत दिसेना. ताईने तबक टाकलं आणि उजवा हात लेकीच्या तोंडावर दाबला. लेकीच्या भुवया तेवढ्या करपल्या. वितळलेलं रबर ताईच्या बोटांना आणि पंजाला चिकटून बसलं.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, कसं झालं? मी तोंड उघडायच्या आत ताई म्हणाली, "माझ्याच हातून निरांजन कलंडलं." तेव्हा बोलायला हवं होतं. शाळेत तीच गोष्ट पोचली, नातेवाइकांतही तीच. वर माझंच कौतुक, की मास्तर बहिणीला एका शब्दाने बोलला नाही.

जखम भरली, पण अंगठा आणि दोन बोटं आखडली. बारीक ब्रश त्यात उभा राहीना. तिने डाव्या हाताने आखायचा प्रयत्न केला, घरी जुन्या ताटाच्या पाठीवर, कितीतरी दिवस. मग सोडून दिलं. मालकाने काढलं नाही तिला. कोपऱ्यात बसून ती कच्च्या मूर्तींना पॉलिश पेपर मारायला लागली.

परवा कारखान्यात गेलो होतो. नवीन मुलगी डोळे आखत होती. एका मूर्तीचा डावा डोळा किंचित वर गेला होता. मला कळलंही नसतं, पण ताईने एकदा तिकडे बघितलं आणि मान फिरवली. हात पुसून माझ्याजवळ आली. म्हणाली, "एक विचारू? इतकी वर्सं मनात हाय. त्या दिवशी तुला ठाऊक नव्हतं ना रे, ते पेटतात म्हणून?"

"नाय गो ताई," मी म्हणालो. "नव्हतं ठाऊक."

"तेच म्हणत्ये मी. ठाऊक असतं तर पोटच्या पोरीच्या हातात दिले असतेस व्हय?"

तिच्या चेहऱ्यावरचा ताण गेला. चहा मागवते म्हणाली, आणि त्या वाकड्या बोटांनी तिने माझ्या पाठीवर थोपटलं.