जेरुसलेमला पोरं नेणारा

आमच्या चर्चमधल्या तरुण मुलांचा गट सांभाळणारा हा माणूस राजुऱ्याजवळच्या कोळसा खाणीत काम करतो. काहीही विचारा, त्याचं उत्तर ठरलेलं, "होऊन जाते, भाऊ." बोलताना समोरच्याच्या शर्टाचं बटण चाचपत राहायची त्याला सवय आहे. जेरुसलेमच्या गोष्टी तो पोरांना वर्षानुवर्षं सांगत आला होता. शेवटी यात्रा ठरली, तेव्हा माझ्या दमेकरी मुलीला अशा माणसाच्या भरवशावर परदेशी कसं पाठवावं, याची मला धास्तीच वाटली. पण तिने हट्ट सोडला नाही.

येशूच्या कबरीवर बांधलेल्या चर्चकडे चढतानाच तिला धाप लागली. त्याने बाकीच्या मुलांना सोबत आलेल्या पाद्रीसाहेबांबरोबर पुढे पाठवलं, तिला दवाखान्यात नेलं आणि मला फोन केला.

"ऑक्सिजन लावला हाये, भाऊ. मी तिच्यापाशीच बसून हाओ."

संध्याकाळी मुलीचा आवाज कानावर पडला, तेव्हा कुठे मी खाली बसलो. दुसऱ्या दिवशी सगळे परतीला लागले.

चंद्रपूर स्टेशनवर मुलगी हसत उतरली. मागून तो सगळ्यांच्या बॅगा उतरवत होता. मी म्हणालो, "आमच्या पोरीपायी तुमाले प्रभूची कबर पाहाले नाई भेटली."

"थे कबर तं रिकामीच हाये नं, भाऊ," तो म्हणाला. "प्रभू केव्हाच उठून गेला. तिथी कोण मायी वाट पाहून राह्यलं होतं? इथी तुमी होते."