गोगलगायीचा डाव

माझी मामी पोकर शिकली ती करमणूक म्हणून नव्हे. तिला मोठ्या मावशीला दुकानाच्या मागच्या खोलीत, वाफेत उभं करायचं होतं. बास. क्षमा केल्याने मन हलकं होतं म्हणतात, होत असेल. मामीचं झालं नाही. तिचं मन हलकं झालं ते उट्टं काढल्यावरच, आणि ते तिने कसं काढलं ते सांगतो.

माझं आजोळ म्हणजे ड्रायक्लीनिंगचं दुकान. वर घर, खाली दुकान. पुढे काचेचं दार, काउंटर आणि काउंटरमागे पाठ असलेलं उंच स्टूल. त्यामागे लांबट, अंधारी खोली, तिच्यात इस्त्रीची टेबलं आणि पाय दाबला की फुस्स करून वाफ सोडणारी प्रेस. पुढच्या आणि मागच्या खोलीमधल्या भिंतीत कपडे सरकवायला एक खिडकी. पुढे बसणाऱ्याला रस्ता दिसायचा, माणसं भेटायची, वारा लागायचा. मागे उभं राहणाऱ्याचे केस दहा वाजेपर्यंत कपाळाला चिकटायचे, आणि संध्याकाळी हाताला स्टार्चचा वास, तो काही केल्या जायचा नाही.

आजोबांना भांडणाचा फार तिटकारा. पोरांच्यात कशावरून जुंपली की ते म्हणायचे, "तोंडं बंद. पत्ते काढा." मग रविवारी दुपारी कपड्यांच्या घड्या करायच्या टेबलावर दोघांनी समोरासमोर बसायचं. खेळ पोकरचा. प्रत्येकाच्या हातात दोन पत्ते झाकून, मध्ये पाच पत्ते एकेक करून उघडायचे, ते दोघांचे सामाईक. हातातले आणि मधले मिळून ज्याची पाच पत्त्यांची जुळणी वरचढ, त्याचा डाव. पण खरी मेख बोलीत. एकाने बोली चढवली की दुसऱ्याने तेवढी भरायची नाहीतर पत्ते टाकून डाव सोडायचा, आणि समोरच्याने टाकले तर तुमच्या हातात कचरा असला तरी डाव तुमचा. पैसे नाहीत. गिऱ्हाइकांच्या कपड्यांची गळून पडलेली बटणं वाडग्यात साठवलेली असत, त्यांवर खेळायचं. शर्टाचं बटण चिल्लर, ओव्हरकोटाचं बटण म्हणजे मोठी नोट. वाडगा रिकामा झाला तो हरला. आणि हरलेल्याने वर्षभर ब्र काढायचा नाही. आजोबा गेले, नियम राहिला.

लग्न होऊन आली तेव्हापासून काउंटर मामीकडे. ती बोलायची कमी, पण कुठल्या गिऱ्हाइकाला कॉलर कडक लागते आणि कुणाला मऊ, हे तिला पावती न बघता माहीत. त्या स्टुलावर बसलेली मामी म्हणजे निराळीच बाई. वर घरात तिचा आवाज कुणी ऐकला नसेल.

मग मोठी मावशी नवऱ्याशी बिनसलं म्हणून बॅगा घेऊन आली, ती राहिलीच. थोडे दिवस गेले आणि तिला काउंटर हवंसं वाटायला लागलं.

"अगं, माणसांशी बोलायला तोंड लागतं," ती मामीला म्हणाली. "तुझं गोगलगायीचं काम. तू मागे छान."

मामी म्हणाली, "वन्सं, मला इथेच बरं वाटतं."

"मग पत्ते काढू की! बाबांचा नियम आहे."

मामा 'राहू दे ना ताई' असं काहीतरी पुटपुटला. मामाचं पुटपुटणं घरात पंख्याच्या आवाजात धरत असत.

मामीला पोकरमधलं ओ की ठो कळत नव्हतं. जुळण्या कशा लागतात ते मामाने जेवताना समजावलं तेवढंच. ती बसली, आणि जे पत्ते हातात येतील ते खेळत गेली. सत्ती आली, खेळली. तिर्री आली, खेळली. एकदाही टाकले नाहीत. कसे टाकणार? काउंटरवर आलेला कपडा परत पाठवायचा नाही, हे त्या दुकानात पहिल्या दिवशी शिकवतात. मामीने पत्तेही तसेच ठेवून घेतले. मावशी बोली चढवत गेली, मामी भीतभीत भरत गेली. चहा गार व्हायच्या आत वाडगा रिकामा.

हरली याचं तिला एवढं वाटलं नाही. ठिणगी पडली ती दुसऱ्या दिवशी. हिरव्या कोटवाली एक बाई आली, मामीचं जुनं गिऱ्हाईक, पण बरेच महिने गावाला होती. कोटावर तेलाचा डाग. मावशी स्टुलावरून म्हणाली, "टाका इथे. मागे आमची बाई आहे, ती करेल."

आमची बाई. मामी खिडकीपलीकडे होती, हातात कुणाचीतरी पँट. तिने वाकून पुढे पाहिलं. मावशीने मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही, कोट खिडकीतून आत ढकलला, पोतं ढकलावं तसा.

त्या क्षणी मामीने डूख धरला.

मागच्या खोलीत तिच्या सोबतीला रफूवाले काका असायचे. आजोबांच्या वेळचा माणूस, दाराशी उजेडात बसून रफू करायचा. तरुणपणी पोकर बरंच खेळलेला आणि बरंच हरलेला. मामीने प्रेसवर पाय दाबत विचारलं, "काका, हा खेळ शिकवाल?"

"कशाला, सूनबाई?"

"वन्संना पाणी पाजायचंय."

काकांनी दाताने दोरा तोडला. "हां, मग शिकवतो. मनोरंजनासाठी म्हणाली असतीस तर नसता शिकवला."

काकांच्या मते खेळणारा माणूस दोन प्रश्नांत कळतो. हाताशी आलेले पत्ते तो बहुतेक सगळे खेळतो की निवडून? आणि खेळला की दाबून खेळतो की घाबरून? "तुझी नणंद सगळे खेळते आणि दाबून खेळते. वादळ आहे ते. कधी छप्पर नेतं, कधी स्वतःच भिंतीवर आपटतं. तुझा नवरा निवडून खेळतो आणि घाबरून. त्याच्याकडून कुणाला ना धोका, ना फायदा."

"आणि मी?"

"सगळे खेळतेस आणि घाबरून. असा माणूस प्रत्येक टेबलावर हवा असतो, सूनबाई. त्याला गाडी पाठवून बोलवून घ्यावं."

मामी हसली नाही. पुढच्या रविवारपासून साधे खेळ सुरू झाले, पैजेचे नव्हे, नुसते मामी, मावशी, मामा आणि काका अशा चौघांचे. तिथे मामीने पहिली चूक केली ती मावशीची नक्कल. काही नसताना बोली चढवायची, मोठ्याने बोलायचं, बटणं आपटायची. मावशीला तो तमाशा फार आवडला. "बघा बघा, गोगलगाय धावायला लागली!" म्हणत तिने प्रत्येक वेळी बोली भरली आणि मामीला सोलून काढलं. मामीचे कान लाल व्हायचे, आवाज फाटायचा. हातात काही नाही हे आंधळ्यालाही कळलं असतं.

सोमवारी काका म्हणाले, "दुसऱ्याचा कोट घालून फिरू नकोस. खांदे दिसतात. मला सांग, तू भांडतेस कशी?"

"मी कुठे भांडते?"

"मग राग आला की काय करतेस?"

मामीने जरा विचार केला. प्रेस फुसफुसत होती. "लक्षात ठेवते," ती म्हणाली.

काकांची सुई थांबली. "किती दिवस?"

"माझ्या लग्नात तुमच्या धाकट्या सुनेने माझ्या साडीला पडदा म्हटलं होतं. ते आहे अजून."

"अगं, मग हे आधी नाही का सांगायचं!" काका खूश झाले. "तू निवडून खेळणारी आहेस. थांबून. आणि एकदा पकडलं की न सोडणारी. हातात कचरा आला की टाक. दहा वेळा येऊ दे, दहा वेळा टाक. तुला टाकण्यात कमीपणा वाटतो, कारण तू दुकानदारीण आहेस. पण टाकलेले पत्ते म्हणजे परत पाठवलेलं गिऱ्हाईक नव्हे. आणि चांगले आले की मात्र फुंकर घालत बसू नकोस. दाब."

मामीला तो कोट बरोबर बसला. रविवारमागून रविवार ती पत्ते टाकत राहिली. मावशी टोमणे मारायची, "अगं, पत्ते चावतात का तुला?" मामी पत्ते टाकून मोकळी. पण ती एकदा बोली लावायची तेव्हा हातात काहीतरी असायचंच. हळूहळू टेबलाला ते कळलं. मामीचा हात बटणांकडे गेला की मामा आधी पत्ते टाकायचा, मग काका, आणि मावशीही हसत म्हणायची, "गोगलगाय बाहेर आली, पळा रे!" सगळे पळायचे. मामीला चिल्लर मिळायची.

"असं किती दिवस?" ती काकांवर वैतागली. "चांगले पत्ते येतात आणि सगळे पळतात."

"पळू दे. पळायची सवय लागतेय त्यांना. तुझ्या बोलीला तुझी नणंद आता घाबरते. ती भीती साठव. एकदाच खर्च करायचीय."

"म्हणजे खोटी बोली?"

"एक. आणि ती जिंकलीस की पत्ते उघडून दाखव. लपवू नकोस."

मामी प्रेसवर वाकली होती. ती सावकाश सरळ झाली, आणि काका म्हणतात, तिच्या चेहऱ्यावर असं काही आलं की त्यांनाच स्वतःच्या बोलण्याची जरा धास्ती वाटली. कारण पुढचं तिला सांगावं लागलं नाही. मावशीला हरणं सोसतं, हसू झालेलं सोसत नाही, हे मामीला काकांपेक्षा जास्त माहीत होतं.

मध्ये वर्षभर ते वाक्य चालूच होतं. आमची बाई बघेल. आमच्या बाईने जाळलं वाटतं. आमच्या बाईला सांगते. मामीने एकूण एक लक्षात ठेवलं.

वर्ष सरलं तशी मामीने जेवताना, आमटी वाढावी इतक्या सहज विचारलं, "वन्सं, काउंटरसाठी पत्ते काढायचे का?"

मावशीला ठसका लागला, हसण्याचा. "वाफेने डोकं शिजलं वाटतं हिचं! काढू की."

रविवारी मामा पत्ते वाटायला, काका बघायला. प्रत्येक डावाआधी दोघींनी एकेक शर्टाचं बटण मध्ये टाकायचं. मामी टाकत राहिली, बटणंही आणि पत्तेही. वाडगा हळूहळू झिजत होता. मावशीने स्टुलावर नवी गादी शिवून घेणार असल्याचं सांगितलं, रंगही सांगितला.

मग एका डावात मध्ये पडले बदाम राजा, बदाम नव्वी आणि चौकट चव्वी. मावशीने ओव्हरकोटाचं बटण लावलं. मामीने भरलं. चौथा पत्ता बदाम गुलाम. मावशीने पुन्हा लावलं. मामीने तिच्याकडे पाहिलं, आपल्या पत्त्यांकडे पाहिलंच नाही, आणि तिप्पट केलं. मावशीची भुवई हलली, तरी तिने भरलं. पाचवा पत्ता किलवर तिर्री, कुणाच्या कामाची नाही. मामीने उरलेल्यातला बराचसा वाडगा पुढे सरकवला.

मामाने हातातली गड्डी खाली ठेवली.

मध्ये तीन बदाम होते. मामीच्या हातात दोन बदाम असतील तर तिचे पाचही पत्ते एका रंगाचे, कुठल्याही जोडीच्या कितीतरी वर. आणि ही बाई वर्षभरात काही नसताना कधी बटणाला शिवलेली नव्हती. मावशीने मधले बदाम बोटाने मोजले. मग तिने आपले पत्ते उघडे टाकून दाखवले, एक्का आणि राजा. "राजाची जोडी टाकतेय हं मी. आहेत तुझ्याकडे बदाम, मला दिसतं. माणसं कळतात मला."

मामीने बटणं ओढून घेतली. मग आपले दोन पत्ते सावकाश उघडले. किलवर सत्ती. इस्पिक दुर्री. बदाम नाही, जोडी नाही, काहीच नाही.

काका खोकले. मामाला हसू फुटलं आणि ते दाबताना त्याचं नाक वाजलं.

"आमची बाई खोटंसुद्धा बोलते हो, वन्सं," मामी म्हणाली.

मावशीचा चेहरा प्रेसमधून काढल्यासारखा झाला. "वाट," ती मामावर ओरडली. "वाट लवकर, दात काय काढतोस!"

त्यानंतर मावशी खेळली नाही, नुसती चिडली. मामीने एक बटण लावलं तरी ती भरायची. "पुन्हा नाही फसायची मी! दाखव! दाखव तुझी दुर्री!" मामीने दोन-तीन डाव तिला जिंकूही दिले, लहान लहान. पुन्हा गप्प झाली होती. निवडत होती.

आणि मग तिच्या हातात दोन अठ्ठ्या आल्या. मध्ये एक्का पडला, अठ्ठी पडली, छक्की पडली. मावशीने बोली लावली, मामीने नुसती भरली. दुर्री पडली. मावशीने दुप्पट लावली. मामीने ओठ चावला, सुस्कारा टाकला, भरली. गुलाम पडला. मावशीने दोन्ही हातांनी वाडगाच उपडा केला. बटणं टेबलभर पसरली, काही खाली गेली. "आता बोल! आता कुठली थाप मारतेस?"

"थाप नाही," मामी म्हणाली. तिने तेवढी बटणं मोजून पुढे केली आणि तीन अठ्ठ्या लावून दाखवल्या. मावशीकडे एक्क्याची जोडी होती.

मामी टेबलाखाली वाकली, सांडलेली बटणं वेचून वाडग्यात टाकली, हात झटकले. "वन्सं, प्रेसचं पेडल जरा घट्ट आहे. नेट लावून दाबावं लागतं."

रात्री मामा म्हणाला, "अगं, आता मिटलं ना? दोघी बसा पुढे आलटून पालटून. ताई रडत होती."

"मी रडले नव्हते का?"

"मला कधी दिसली नाहीस."

"दिसण्यासारखी कुठे होते. वाफ होती."

त्यावर मामाने पुटपुटणंही बंद केलं.

हिरव्या कोटवाली आली ती त्याच आठवड्यात, तोच कोट घेऊन. स्टुलावर मामीला बघून गोंधळली. "अय्या, तुम्ही परत पुढे कशा? त्या मालकीणबाई कुठे गेल्या?"

मामीने कोट घेतला, बाही उलटून डाग पाहिला. मग मान किंचित खिडकीकडे वळवली आणि आवाज नेहमीपेक्षा चढवला. "मालकीण मीच. ठेवून जा. मागे आमची बाई आहे, ती करेल."

खिडकीपलीकडे प्रेस फुस्स करून सुटली आणि किती तरी वेळ सुटतच राहिली. मामीने कोट आत ढकलला. तो घ्यायला हात यायला वेळ लागला, पण आला, ओला आणि लालबुंद.

दुपारी काका चहा घेऊन पुढे आले. हळूच म्हणाले, "सूनबाई, झालं ना मनासारखं? आता सोडून दे."

मामीने पुढच्या गिऱ्हाइकाची पावती फाडली आणि टाचणीने कपड्याला लावली. "सोडेन की," ती म्हणाली. "वर्षभर ब्र काढायचा नाही, नियम आहे. वर्ष होऊ दे."

मागून मावशीचा आवाज आला, वाफेतून, पण स्पष्ट. "काका, तुमचा चहा झाला की जरा इकडे या. मला ते पत्ते टाकायचं काय आहे ते शिकायचंय."

काकांनी मामीकडे पाहिलं. मामीने चहाचा घोट घेतला, स्टुलाच्या पाठीला टेकली.

"जा की," ती म्हणाली. "शिकवा. मीही तयारीत आहे म्हणावं."