मांद्रेच्या मॉडेलमधली फट

आमच्या घरात डिग्रीचा कागद आणणारी मी पहिली. हे मी कुणी न विचारताही सांगते आणि सांगताना लाजत नाही. आजोबा मालवणाकडून सुर्ल्याला आले ते खाणीवर पाट्या उचलायला. बाप लाल खनिजाचा ट्रक, म्हणजे टिपर, चालवायचा. मी सिव्हिल इंजिनिअर झाले. गणिताला दोनदा बसले, पण झाले.

म्हापशाला एका आर्किटेक्टच्या ऑफिसात मला काम मिळालं. इमारतीचं मॉडेल एका सॉफ्टवेअरमध्ये उभं केलेलं असायचं, भिंती, खिडक्या, छप्पर, सगळं. तेच मॉडेल मी दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये न्यायचे. इमारतीत ऊन किती शिरेल, एसी किती लागेल, वीज किती जाईल, हे ते दुसरं सांगतं. ऐकणाऱ्याला वाटतं, फाईल इकडून काढली आणि तिकडे टाकली. तसं नसतं. पहिल्याला भिंत दिसली की पुरे. दुसऱ्याला खोली लागते, चारी बाजूंनी बंद, वर छप्पर, खाली जमीन. कुठे तीन बोटं फट राहिली तरी त्याच्या लेखी ती खोलीच नाही. ती वाटेतच गळते. मग शेजारच्या खोल्यांच्या आतल्या भिंती त्याला बाहेरच्या वाटतात आणि तो त्यांच्यावर खुशाल ऊन पाडतो.

मॉडेल उभं करायचे काका. सगळं ऑफिस त्यांना काकाच म्हणायचं. नार्व्याचे, वीस-बावीस वर्षं तिथेच. आधी टेबलावर शाईने काढायचे, नंतर संगणकावर. हात नेमका. जिन्याच्या पायऱ्या त्यांनी काढल्या की गवंड्याला काही विचारावं लागायचं नाही. पण त्यांच्या प्रत्येक मॉडेलमध्ये एक फट असायची, आणि ती चुकून राहिलेली नसायची.

पहिल्यांदा सापडली तेव्हा मी त्यांना विचारलं, "काका, ही भिंत कोपऱ्यात जुळत नाही."

"जुळची न्हय," ते म्हणाले. "म्हजो बापूय चिरे बसयतालो. घराचो निमाणो चिरो तो केन्ना बसयनासलो. घरधनी येतालो, नारळ फोडटालो, आनी आपल्या हातान बसयतालो. तो मेरेन एक बुराक उगडोच."

म्हणजे शेवटचा दगड घराच्या मालकाने बसवायचा, तोवर तेवढं भोक उघडं. बाप चिऱ्यात जे करायचा, ते हा मुलगा संगणकात करत होता. मालकाने नकाशा पसंत केला की काका ती भिंत पुढे ओढून जुळवायचे. कागदावर छापल्यावर तेवढी फट कुणाच्या डोळ्यांना दिसत नव्हती, म्हणून इतकी वर्षं कुणी काही बोललं नव्हतं.

"पण माझ्याकडे पसंतीच्या आधीच फाईल येते," मी म्हटलं. "माझं सॉफ्टवेअर अशी खोली घेत नाही."

"तुज्या मशिनाक वारो लागता काय गो बाये?"

"हो, लागतो."

ते हसले. "मागीर तूं धांप. म्हजें काम उगडें दवरपाचें, तुजें काम धांपपाचें."

त्यांनी उघडं ठेवायचं, मी बंद करायचं, तसंच ठरलं. त्यांची फाईल आली की मी प्रत काढायचे, फट शोधायचे, भिंत दोन इंच ओढायचे आणि मगच पुढे, विजेचा अहवाल करणाऱ्या पुण्याच्या सल्लागाराकडे, पाठवायचे. पाऊण वर्ष असं चाललं. सरांना, म्हणजे आमच्या आर्किटेक्टला, यातलं काही माहीत नव्हतं.

त्याच सुमारास खाणी बंद पडल्या. बापाचा टिपर दारात उभा राहिला आणि बाप त्याच्या सावलीत बसू लागला. घरात पगार माझा एकटीचा. तेवढ्यात सरांनी आम्हां दोघांना केबिनमध्ये बोलावून सांगितलं की कामं कमी झाली आहेत, मॉडेलवर आता एकच माणूस ठेवणार. मांद्रेच्या हॉटेलाचं काम संपलं की बघू कोण ते. मी असताना काकांची काय गरज, किंवा काका असताना माझी काय गरज, एवढाच त्यांचा प्रश्न होता. सर बोलताना फोनमध्ये बघत होते. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तुझ्या कीबोर्डवर लाल धूळ किती! सुर्ला घेऊन येतेस काय रोज?"

उत्तर काकांनी दिलं. 

"सर, तिका संगणक कित्याक? टिपर दियात."

दोघे हसले. काका सरांच्या विनोदांना नेहमीच जोड द्यायचे, मनात काही नसताना द्यायचे, हे मला तेव्हाही कळत होतं. तरी माझ्या डोळ्यांसमोर दारातला टिपर उभा राहिला आणि मी मनात म्हटलं, बरं.

हॉटेलाची फाईल पुढच्या आठवड्यात आली. फट शोधायला मला पाच मिनिटं लागली. या वेळी ती लॉबीला होती, खांबाच्या मागे. लॉबी मधोमध आणि तिला लागून चहूबाजूंनी खोल्या. मी कर्सर त्या भिंतीवर नेला. ओढायची तेवढी बाकी होती. सॉफ्टवेअरने पिवळा इशारा दिला की ही जागा बंद नाही. खाली ठीक आहे असं बटण होतं. मी ते दाबलं आणि फाईल पुण्याच्या सल्लागाराला पाठवून दिली. मग डबा उघडला आणि जेवले. त्या दिवशी डब्यात कुळथाची पिठी होती आणि ती मला गोड लागली.  

दहा दिवसांनी बैठक झाली. हॉटेलाचा मालक मांद्रेहून आला होता, सोनेरी घड्याळ, पायात चप्पल. सरांनी पडद्यावर सल्लागाराचा अहवाल लावला. लॉबी अहवालात नव्हतीच. लॉबीच्या बाजूच्या खोल्या लालभडक, कारण त्यांच्या आतल्या भिंतींवर मांद्रेचं दुपारचं ऊन पडत होतं. एसी लागणार होते जवळजवळ दुप्पट.

मालक म्हणाला, "हें हॉटेल काय पाव भाजपाची भट्टी?"

सरांची मान लाल झाली. "हे कुणी केलं?"

मी तयारच होते. काकांची मूळ फाईल उघडली, खालच्या कोपऱ्यातलं त्यांचं नाव सगळ्यांना दिसेल इतका वेळ थांबले आणि मग खांबामागच्या कोपऱ्यावर गेले. मोठं करत गेले, आणखी मोठं करत गेले. पडद्यावर ती तीन बोटांची फट दरवाजाएवढी झाली.

"ही भिंत कुणाची?" सरांनी विचारलं.

"हांवें काडल्या," काका म्हणाले. मग त्यांनी सांगायला घेतलं, बाप, चिरा, नारळ, घरधनी. पुण्याचा सल्लागार फोनवर होता, तो स्पीकरवरून खदखदून हसला. सर म्हणाले, "काका, हे ऑफिस आहे. देवस्थान नव्हे."

मालक मात्र हसला नाही. "आमच्या घराचो निमाणो चिरो म्हज्या आज्यान बसयल्लो," तो म्हणाला. काकांनी आशेने त्याच्याकडे बघितलं. मालकाने घड्याळ सारखं केलं. "पूण तें घर आसलें, काका. हें हॉटेल. हांव हांगा चिरो बसोवपाक येवचो ना."

सर माझ्याकडे वळले. "आणि तू? तू तपासलं नव्हतंस पाठवायच्या आधी?"

हा प्रश्न येणार हे मला ठाऊक होतं. वाक्य मी दोन दिवस आधी जुळवून ठेवलं होतं. "काकांच्या भिंतीवर मी कसा संशय घेणार, सर? त्यांचा अनुभव माझ्या वयाएवढा आहे."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. पाऊण वर्ष मी त्यांच्या फटी बंद करत होते, हे त्या खोलीत फक्त त्यांना माहीत होतं. एका वाक्यात ते मला बुडवू शकत होते. मी वाट बघत होते. त्यांनी पेन खिशाला लावलं आणि पडद्याकडे बघत राहिले.

त्या महिन्याअखेरीस त्यांची नोकरी गेली. निरोप समारंभ झाला नाही. त्यांची शाईची जुनी पेनं एका डब्यात राहिली होती, ती मी कचऱ्यात टाकली.

दोनेक महिन्यांनी, रविवारी सकाळी, काका आमच्या सुर्ल्याच्या घरी आले. बसने आले होते, शर्टाला घामाचा नकाशा. हातात प्लास्टिकची पिशवी, तिच्यात फोटो आणि दाखले. बाप उठून उभा राहिला, खुर्ची दिली, चहा सांगितला. बापाला वाटलं, ऑफिसातलं मोठं माणूस घरी आलं.

"बाये, म्हाका बायोडाटा करून दी," काका म्हणाले. "डिचोलेंत एका कंत्राटदाराक माणूस जाय. इंग्लिशींत जाय म्हणटा."

कंत्राटदाराला माणूस हवा होता, आणि बायोडाटा इंग्रजीत हवा होता. मी लॅपटॉप उघडला. बाप चहा बघायला आत गेला तेव्हा मी विचारलं, "त्या दिवशी तुम्ही सांगितलं का नाही?"

"कितें?"

"तुम्हाला माहीत आहे कितें."

त्यांनी बाहेर टिपरकडे बघितलं. त्याच्या टायरांभोवती गवत वाढलं होतं. "सांगून कितें जातालें? सर दोगांकय धाडटालो. तुजो बापूय घरा बसला, म्हाका खबर आसलें. एकट्याचें तरी उरूं दी म्हटलें."

लोकांना वाटेल, हे ऐकून माझ्या डोळ्यांत पाणी आलं असेल. मला राग आला. इतका राग मला सरांचाही कधी आला नव्हता. मी ती नोकरी जिंकली होती, वाईट रीतीने का होईना, स्वतःच्या हाताने. आणि हा माणूस माझ्या घरात, माझ्या खुर्चीवर बसून सांगत होता की ती त्याने मला दिली. आमच्या घराने बरीच दया खाल्ली आहे. ती पुन्हा खायला मी डिग्री घेतली नव्हती.

मी टाइप करू लागले. नाव, गाव, जन्मतारीख. मग विचारलं, "शिक्षण?"

"धावी."

"पास?"

ते पिशवीतल्या कागदांशी चाळा करू लागले. "धावी म्हण बरय. पुरो." म्हणजे नुसतं दहावी लिही, बस.

"पास की नापास, काका?"

बाप चहा घेऊन दारात आला होता. काकांनी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"नापास," ते म्हणाले.

मी ते लिहिलं. इंग्रजीत, मोठ्या अक्षरांत, वेगळ्या ओळीवर. बाप म्हणाला, "अगो, ता कशाक लिवतस?" मी म्हटलं, "बायोडाट्यात खोटं लिहायचं नसतं." तीन प्रती छापल्या, टाचण्या लावल्या आणि काकांच्या हातात दिल्या. त्यांनी ओळीवर बोट ठेवत सगळं वाचलं. त्या ओळीवर बोट थांबलं, मग पुढे सरकलं. त्यांनी तिन्ही प्रतींवर देवनागरीत सही केली, चहा अर्धा ठेवला, बापाला नमस्कार केला आणि उन्हात बसथांब्याकडे चालू लागले.

कंत्राटदाराने त्यांना घेतलं की नाही, मी विचारलं नाही. बाप त्यानंतर दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. ऑफिसात मॉडेल आता मीच उभं करते आणि मीच पुढे पाठवते. माझी फाईल एकदाही परत आलेली नाही.