तुटलेल्या तारेत करंट आला कुठून?

मल्लिनाथनं तुटलेल्या तारेच्या एका टोकाला टेस्टर लावला. दिवा लागला नाही. दुसऱ्या टोकाला लावला आणि लागला.

"म्याडम, मागं सरा," तो म्हणाला. "ही बाजू जिवंत हाय."

मी वीज कंपनीत ज्युनिअर इंजिनिअर आहे. मल्लिनाथ आमचा लाईनमन, नोकरीनं माझ्यापेक्षा पुष्कळ जुना. जुळे सोलापुरातल्या एका कॉलनीत आम्ही उभे होतो. उन्हाळ्यातली दुपार. नुकताच वळवाचा पाऊस झोडपून गेला होता आणि आभाळ अजून काळंच होतं. गुलमोहराची फांदी पडून रस्त्याच्या टोकाची एक तार तुटली होती. कामाला हात घालण्याआधी ट्रान्सफॉर्मरवरचे फ्यूज मी समोर उभी राहून काढून घेतले होते. ते मल्लिनाथच्या पिशवीत होते. त्या तारेत करंट असायचं काही कारणच नव्हतं.

"टेस्टर फसवत असेल," मी म्हणाले. ओल्या हवेत असं कधी कधी होतं.

मल्लिनाथनं टेस्ट लॅम्प काढला. होल्डरमध्ये बल्ब आणि त्याला दोन वायरी, एवढंच ते साधन. एक वायर खांबाच्या अर्थिंगला जोडली, दुसरी कोरड्या काठीला बांधून लांबून तारेला टेकवली. बल्ब लख्ख पेटला.

थोड्या वेळापूर्वी तीच तार ओलांडून मी पलीकडचा खांब बघून आले होते.

तारेचं जिवंत टोक एका घराच्या लोखंडी गेटवर पडलं होतं. गेटखाली पाणी साचलेलं. आणि नेमके तेव्हाच त्या घरातून बिराजदार काका स्कूटर ढकलत बाहेर आले.

"गेटला हात लावू नका!" मी ओरडले.

"का हो? लाईट तर गेलीय की."

"तारेत करंट आहे. मागं जा!"

"काय सांगायलाव बाई? घरात सगळा अंधार हाय. करंट कुठला येतोय?" बोलता बोलता ते पुढंच येत होते. ऐकू नीट यावं म्हणून असेल.

"काका, जीव जाईल!" मल्लिनाथ असा ओरडला की आजूबाजूच्या खिडक्या उघडल्या. काकांनी स्कूटर तशीच सोडली. ती धाडकन आडवी झाली. ते मागं सरकत व्हरांड्यात गेले आणि भिंतीला पाठ लावून उभे राहिले.

तेवढ्यात शेजारच्या घराकडं माझं लक्ष गेलं. त्या घराला बाहेरून कुलूप होतं. माणसं गावाला गेलेली. पण व्हरांड्यातला दिवा जळत होता. अख्ख्या कॉलनीत लाईट नाही, आणि कुलूपबंद घरात दिवा.

मग हिशोब लागला. रस्त्यावरून फेजच्या तीन तारा जातात. कुठलं घर एका तारेवर असतं, कुठलं दुसरीवर. काकांचं घर वेगळ्या तारेवर, म्हणून तिथं अंधार. तुटलेल्या तारेच्या पुढच्या तुकड्यावर दोनच घरं उरली होती. एक हे कुलपातलं, आणि दुसरं त्याच्या पलीकडचं हत्तुरे सरांचं. सरांच्या गच्चीवर सोलर पॅनेल होते.

त्या सोलरची तपासणी मीच केली होती. नियम असा आहे की रस्त्यावरची लाईट गेली की घरातला सोलर इन्व्हर्टर आपोआप बंद पडला पाहिजे. नाही पडला तर घरात तयार झालेली वीज उलटी रस्त्यावर येते, आणि खांबावरच्या माणसाला वाटत असतं की लाईन बंद आहे. तपासणीच्या दिवशी मी मेन स्विच पाडून बघितला होता. इन्व्हर्टर लगेच थांबला होता. मग आज काय झालं?

"खांबावर चढून त्येंची वायर तोडतो," मल्लिनाथ म्हणाला.

"ओला खांब आहे. वर जायचं नाही. तुम्ही इथंच थांबा, तारेजवळ कुणालाही येऊ देऊ नका. मी आत जाऊन बंद करते."

सरांच्या गेटची कडी काढण्याआधी मी तिला टेस्टर लावला. एकदा लावून विश्वास बसेना, परत लावला.

हत्तुरे सर निवृत्त शिक्षक. दार त्यांनीच उघडलं. आतून मशीनचा घरघर आवाज येत होता. पलंगावर त्यांच्या पत्नी होत्या, नाकाला ऑक्सिजनची नळी. हवेतून ऑक्सिजन वेगळा करून देणारं ते मशीन विजेवर चालतं.

"सर, तुमच्या घरातून रस्त्यावर करंट येतोय. बॅटरी बसवलीय का?"

"बसवलीय की. हिच्यासाठीच. लाईट गेली की मशीन बंद पडायचं, लई हाल व्हायचे."

"आम्हाला कळवलं नाही?"

"वायरमन म्हणाला, गरज नाही."

बोर्डावर एकासारखे एक दोन खटके होते. दोन्ही वर. कशावर काही लिहिलेलं नाही.

"लाईट गेली की आधी मेन पाडायचा, मग बॅटरीचा वर करायचा," सर सांगू लागले आणि मध्येच थांबले. चेहरा उतरला. "मशीन ओरडायला लागलं तसा मी पळत आलो… बॅटरीचा वर केला. मेन… मेन पाडला नाही मी." म्हणजे सोलर थांबला तरी बॅटरीची वीज चालू मेनमधून सरळ रस्त्यावर जात होती.

"यातला मेन कुठला?"

"हा. नाही, थांबा. तो असेल." त्यांचा हात थरथरत होता.

मी बोर्डाकडं बघत राहिले. मेन पाडला तर रस्ता सुटा होणार, मशीन चालू राहणार. पण वायरमननं आत काय जोडलंय, देव जाणे. आता खात्री एकाच गोष्टीची होती. दोन्ही खटके पाडले तर करंट थांबेल, आणि मशीनही थांबेल. बाहेर मल्लिनाथ कुणाला तरी दमात घेत होता. आत मशीन घरघरत होतं. माझा हात बोर्डापर्यंत जाऊन थांबला. आयुष्यात स्विचची एवढी भीती कधी वाटली नव्हती.

"सिलिंडर आहे का सर?"

"आहे. पण लावायला वेळ लागतो, आणि माझे हात बघा की हो." त्यांना रडू येत होतं. "हिला काही झालं म्हणजे?"

पलंगावरून बाईंचा आवाज आला. दम लागत होता, दोन शब्दांनंतर थांबत होत्या. "पोरी… त्या खिडकीतनं… बिराजदार दिसायलेत मला. तू बंद कर. मी… बसते तेवढी."

"आधी सिलिंडर," मी म्हणाले.

सर आणि मी मिळून सिलिंडर पलंगाशी आणला. चावी घट्ट बसली होती. पदरात धरून पिळली तेव्हा सुटली. सरांनी नळी बदलली. बाईंनी डोळे मिटून श्वास घेतला, मग मान हलवली. मी दोन्ही खटके एकदम पाडले. मशीन कर्कश ओरडलं आणि गप्प झालं. सगळ्या घरात फक्त सिलिंडरची फुसफुस.

"मल्लिनाथ!" मी खिडकीतून हाक मारली. "बघा!"

उत्तर येईपर्यंत मी बाईंच्या छातीकडं बघत होते. वर, खाली. वर, खाली.

"गेला म्याडम! मेली लाईन!"

तरीही त्यानं लॅम्प लावून पुन्हा तपासलं, तारेची दोन्ही टोकं अर्थला बांधली आणि मगच गेटवरची तार उचलली. संध्याकाळी लाईट आली. तोवर बाई सिलिंडरवर होत्या. त्यांना काही झालं नाही. बॅटरीची जोडणी मी सोडवून ठेवायला लावली. सर माझ्यावर नाराज झाले, आणि ते मला समजत होतं.

दुसऱ्या दिवशी तो वायरमन आला. "त्यांना सगळं समजावून सांगितलं होतं की म्याडम," तो म्हणाला. "आधी हे पाडा, मग ते वर करा."

"बायकोचा श्वास अडकलेला माणूस क्रम पाळत नाही," मी म्हणाले.

वायरमननं चेंजओव्हर स्विच बसवला. त्याचा दांडा एका वेळी एकाच बाजूला बसतो. रस्त्याची वीज घ्या नाही तर बॅटरीची, दोन्ही एकत्र जमतच नाहीत. दोन्ही बाजूंना मराठीत ठळक नावं लावली. बाहेर मीटरपेटीवर "येथे सोलर व बॅटरी आहे" अशी पाटी आली. मी मेन पाडला, दांडा बॅटरीकडं केला आणि तपासलं. रस्त्यावर काही नाही, आत मशीन चालू.

घरी सोलरला बॅटरी जोडून घेणार असाल तर वीज कंपनीला कळवा. आणि बसवणाऱ्याला एक सांगा. "लाईट गेल्यावर माझ्या घरातला करंट रस्त्यावर जायची वाट नेमकी कुठं तुटते, तिथं बोट ठेवून दाखव." तो बोट न ठेवता "तुम्ही फक्त लक्षात ठेवा" म्हणाला, तर काम अजून झालेलं नाही.