आमच्या अवीची कॅसेट आणि सुलोचना

सुलोचना कुठलीही गोष्ट ऐकायची ती तळहाताने. रेडिओ असो, मिक्सर असो, नाहीतर विहिरीवरचा पंप असो, ही बाई आधी त्यावर हात टेकवणार, डोळे बारीक करणार आणि मगच काय ते बोलणार. आमच्या घरी पहिल्यांदा आली ती चाळणी मागायला. मी चटणी वाटत होते. तिने सरळ ओट्याशी येऊन चालत्या मिक्सरवर हात ठेवला आणि म्हणाली, "ताई, याचं खालचं बुश गेलं. आठ दिवस चालन अजून." मला रागच आला. ओळख ना पाळख, आणि माझ्या मिक्सरचं आयुष्य सांगते. सहाव्या दिवशी तो बंद पडला. मी कोणाला बोलले नाही, गुपचूप पाटा धुऊन घेतला. पुढच्या खेपेला तिने वाटीतली चटणी चाखली आणि एवढंच विचारलं, "जाडी काहून झाली व ताई?"

पांढरकवड्याला आमचं घर आणि तिची खोली यांच्यामध्ये एक भिंत. आमचे हे कोर्टात कारकून, आणि ती मागच्या जिनिंगमध्ये मशीनवर. कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या त्या मशीनची एक लांबच लांब रांग असते आणि प्रत्येकीपुढे एक बाई हाताने कापूस घालत उभी असते. वीस वर्षं त्या आवाजात उभी राहून तिचे कान गेले होते. म्हणजे पूर्ण नाही. जाड आवाज पोचायचा, बारीक नाही. माणसाचं बोलणं ती अर्धं तोंडाकडे पाहून समजायची आणि उरलेलं अंदाजाने. म्हणून कोणी बोलत असलं की त्याचं शेवटचं अक्षर होईपर्यंत टक लावून बघत राहायची. स्वतः बोलायची मात्र रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाईल असं. माझ्या मोतीबिंदूची गोष्ट मी तिला विश्वासाने सांगितली, तिने ती दुसरीला कुजबुजून सांगितली, आणि संध्याकाळी कोपऱ्यावरचा न्हावी माझ्या डोळ्याची चौकशी करून गेला.

पण त्याच बाईला जिनिंगचा फिटर बोलवायला यायचा. "मावशी, सात नंबर काय म्हणून राह्यला?" ही हात लावायची. "पट्टा ढिला हाय. बाकी तब्येत बरी." आणि पट्टाच ढिला असायचा.

आता माझं सांगते. मी सातवी शिकलेली. पेटी माझी मीच शिकले, आणि आमच्या गल्लीचं भजनी मंडळ बावीस वर्षं मीच चालवलं. गावात सुरातलं कोणाला कळतं म्हटलं, तर लोक माझंच नाव घेत, आणि मलाही ते पटलेलं होतं. फक्त माझ्या पोटच्या पोराने गायलं नाही. अवी बोलताना अडखळतो, अगदी लहानपणापासून. पहिलं अक्षर घशात धरून बसतो. मला वाटलं, गाताना नाही अडखळणार. आठ वर्षांचा होता तेव्हा मंडळापुढे उभा केला. तो एका अक्षरावर अडकला तो अडकलाच, बाया पदराआड हसू लागल्या, आणि शेवटी ती ओळ मीच म्हटली. तेव्हापासून त्याची वाक्यं मी पुरी करत आले. "आई, मला पा..." की मी म्हणणार, "पाणी, हे घे." मायेनेच करत होते. पोरगं ताटकळत राहू नये, एवढंच.

पुढे तो पुण्याला नोकरीला लागला आणि तिथे गिटार शिकला. आमच्याकडे तेव्हा कापसाचे वाईट दिवस होते. जिनिंगच्या आवारात जिथे गाड्यांची रांग लागायची, तिथे कुत्री झोपू लागली होती. तीन पाळ्यांची एक पाळी झाली होती. अशात त्याने दोन मित्रांना घेऊन एक कॅसेट काढली. एक ढोल बडवणारा, एक जाड तारांची गिटार वाजवणारा, आणि आमचा अवी. नाव ठेवलं 'सरकी'. वर पावसाने झोडपलेल्या पऱ्हाटीचा, म्हणजे कपाशीच्या झाडाचा फोटो. पुण्यात ती कोणी घेतली नाही. यवतमाळच्या एका दुकानदाराने ओळखीखातर दोन ठेवल्या, त्या त्याने उन्हात पिवळ्या होऊ दिल्या. पेपरात दोन ओळी कोणी लिहिल्या नाहीत. माझ्याकडे मात्र एक टपालाने आली, आणि मी सगळं मंडळ घरी बोलावलं. टेपरेकॉर्डरला हळद-कुंकू लावलं, पेढे आणले.

बटण दाबलं. बाप रे, काय तो आवाज. वीज कडाडल्यासारखी गिटार, खाली धाडधाड. बाया सरळ बसून राहिल्या. एक तुकडा संपला, दुसरा संपला. शेवटी मंडळातली कुसुम म्हणाली, "वहिनी, गानं कवा सुरू होते?" गाणं सुरू होणारच नव्हतं. साठ मिनिटांत एक शब्द नाही. हे झाडांना पाणी घालायला उठून गेले, ते तासभर आलेच नाहीत. मी बटण बंद केलं आणि पेढे वाटले.

दुसऱ्या दिवशी सुलोचना पाळीवरून आली. केसांत कापूस, पायांत कापूस. "अवीची टेप आली म्हनतात. लावा न ताई." मी म्हटलं, त्यात गाणंबिणं नाही. तिने ते ऐकलं की नाही कोण जाणे. जमिनीवर मांडी घातली, टेपरेकॉर्डर जवळ ओढला, तळहात जाळीवर ठेवला आणि दोन्ही बाजू ऐकल्या. मध्ये उठली नाही, चहा निवला. संपल्यावर म्हणाली, "याच्यात मले काहीच हुकत नाही व ताई. गान्यातले शब्द मले हुकतात, मंग बाकीच्या बायांचं तोंड पाहा लागते. याच्यात शब्दच नाही. मी आन तुमी सारख्याच."

सारख्याच म्हणे. मी पेटी वाजवणारी आणि ही बहिरी.

मग ती रोज येऊ लागली, आणि एकेक तुकडा मला समजावून सांगू लागली. माझ्या पोराचा, माझ्याच घरात, माझ्याच टेपवर. पहिल्यात म्हणे तिघंही एकमेकांकडे पाहत नाहीत, "नव्या बाया रांगेत लागल्यावानी, जिची तिची घाई." दुसऱ्यात जाड गिटार पुढे चालते आणि अवी मागे राहतो, मुद्दाम. चौथा तिला आवडायचा नाही. "पोट्टं दाखवून राह्यलं का मले किती येते. घेतलं आसतं कमी तं चाललं आसतं." पण तिसरा लागला की ती डोळे मिटायची. त्यात शेवटी ढोल थांबतो, बाकी सगळं थांबतं, आणि गिटारची एकच तार पुष्कळ वेळ वाजत विरत जाते. "पाळी सुटल्यावर पट्टा उतरवला तरी चाक फिरतच राह्यते ना ताई, कोनी फिरवत नाही तरी. तसं हाय ते. ते चाक मी रोज पाह्यते. कोनाले सांगितलं नवतं. याले कसं समजलं?"

मी हो हो म्हणायचे आणि ती गेल्यावर तोच तुकडा पुन्हा लावून बघायचे. मला काही दिसायचं नाही. गोंगाट दिसायचा. खरं सांगते, त्या दिवसांत तिच्या हाताचाही मला राग यायचा. खरबरीत, तुसांनी भरलेला हात, आणि त्याला माझं पोर कळतं.

दिवाळीत अवी आला. पिशवी घरात टाकली, पाया पडला, आणि चिवड्याची वाटी घेऊन भिंतीपलीकडे गेला तो दोन तास. मी मागच्या दारातून पाहिलं. त्याने गिटार आणि गिटारचा आवाज मोठा करायचा तो डबा सुलोचनाच्या ओट्यावर मांडला होता. ती डब्यावर हात ठेवून बसली होती. मध्येच तो काही सांगत होता, अडकत, थांबत, पुन्हा अडकत, आणि ती त्याच्या तोंडाकडे बघत होती, संपेपर्यंत. माझ्याशी तो एवढं कधी बोलला नव्हता. रात्री जेवताना मी म्हटलं, "मावशीकडे काय एवढं..." तो म्हणाला, "ती ऐ... ऐ..." "ऐकते, माहीत आहे मला," मी म्हटलं आणि भाजी वाढली.

पुण्याला परत गेल्यावर त्याचा फोन आला. "आई, तुला कोणतं आ..." "आवडलं? तिसरं," मी म्हटलं. आणि मग, देवा, माझी जीभ घसरली ती घसरलीच. म्हटलं, शेवटी ते पट्टा उतरवल्यावर चाक आपलं आपण फिरत राहतं ना, तसं वाटतं बघ. मग तो हसला. "आई, तू पट्टा कधी पा... पाहिलास?" मी म्हटलं, लहानपणी पाहिला होता. तो म्हणाला, "मावशीला सांग, मी नवीन क... करतोय." ठेवला फोन.

त्या संध्याकाळी सुलोचना आली तेव्हा मी सांगितलं, कॅसेट खराब झाली, आतली फीत तुटली. आणि खणात ठेवून दिली. मला वाटलं, चला, मिटलं. ती तोंड पाडून गेली. तिसऱ्या दिवशी परत आली ती एक पेन्सिल, ब्लेड आणि कुणाच्या तरी लग्नातली नखांना लावायची लाल बाटली घेऊन. "द्या इकडे. वीस वर्सं झाले, पट्टे जोडून राह्यली मी. ह्या फितीचं काय मोठं?"

द्यावीच लागली. तिने पेन्सिल घालून फीत या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवली, उजेडाला धरून, इंच न इंच. अर्धा तास. मी समोर गहू निवडत बसले होते, माझ्या हातून खडे सुटत होते. तुटलेलं काही सापडलं नाही. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली, नेहमीसारखी, मी काही बोलेन म्हणून. मी मान खाली घालून गहू निवडत राहिले.

"नाही सापडून राह्यलं," ती म्हणाली. "लावा. जिथं तुटली तिथं मले सांगा."

लावली. मी बोटं आवळून बसले. तिसरा तुकडा आला तशी ती म्हणाली, "तुमी शब्द शोधून राह्यल्या ताई. आजून. याच्यात ते पोट्टं एकडाव तरी आडकलं का सांगा." मी ऐकलं. म्हणजे, खोटं कशाला सांगू, पहिल्यांदा ऐकलं. ती एक तार वाजत होती, लांबत होती, आता संपेल वाटत होतं आणि संपत नव्हती. जिथे मी नेहमी मध्ये पडते ना, तिथेच तो थांबला होता. आणि कोणी मध्ये पडत नव्हतं. मग त्याचा त्यानेच पुढचा सूर घेतला.

मी तिला म्हटलं, "सुलोचना, फीत तुटली नव्हती."

"हाव," ती म्हणाली. "चा मांडा."

एवढंच. पुन्हा कधी विषय काढला नाही. ते तिचं वागणंही मला सहन झालं नाही काही दिवस. भांडली असती तर बरं झालं असतं.

पुढच्या हंगामाला जिनिंग सुरूच झालं नाही. दारावर मोठं कुलूप. सुलोचना लेकीकडे राजूरला गेली, जावई तिथे खाणीत होता. जाताना ती कॅसेट मी तिच्या पिशवीत घातली. मोठं मन बिन काही नाही. माझ्याकडे राहिली असती तर दर वेळी लावताना मला तीच दिसली असती. ती म्हणाली, "आन तुमी काय आयकसान?" मी म्हटलं, अवीला दुसरी मागेन. मागितली. त्याने पाठवली. आता मी ती ऐकते, हात न ठेवता, आणि तिसऱ्या तुकड्यापर्यंत मला समजतं. चौथा मला आवडतो. त्यात तो दाखवून राहिला असेल तर राहू दे, माझा मुलगा आहे.

राजूरला ती चार वर्षं राहिली. कोळशाच्या धुळीने छाती धरली होती म्हणतात. ती गेली तेव्हा तिच्या लेकीने पहिला फोन पुण्याला केला, अवीला. शेजारीण मी, ताई मी, पण पहिला फोन अवीला. हे मला आजही लागतं, लपवून काय करू.

मग अवीने मला केला. सकाळची वेळ, मी पोळ्या करत होते. "आई," तो म्हणाला, "सु... सु..." मला कळलं. त्या दोन अक्षरांतच सगळं कळलं, आवाजही तसाच होता. वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं. तव्यावरची पोळी जळू लागली, वास आला, मी हलले नाही. तो अडकला, थांबला, श्वास घेतला, पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. मी गप्प राहिले. सुलोचनामावशी गेली, हे त्याने त्याचं त्याने सांगितलं. पुष्कळ वेळ लागला त्याला.