पाणी गेलेला फोन

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आईला नाही, सहा वर्षं ज्यांच्याबरोबर एकाच टेबलावर डबा खाल्ला त्यांना तर नाहीच नाही. एकदा बायकोला म्हणालो होतो — "तुला एक सांगायचंय." ती कणीक मळता मळता थांबली. मग मी म्हणालो, गॅसचा नंबर लावायला हवा. झालं. तुला लिहून का सांगतोय? तू मध्ये बोलणार नाहीस म्हणून असेल, दुसरं काय.

मी मोबाइल दुरुस्त करतो. आज भांडुपला माझं स्वतःचं छोटं दुकान आहे. त्याआधी घाटकोपरला एका कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये होतो. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण नाव घेतलं की तू म्हणशील — हां, ती कंपनी तसलीच आहे. आणि मी हळूच सुटेन. कंपनीचा बोर्ड बाहेर होता, पण हात माझा होता ना?

तिथलं काम कसं चालायचं ते आधी सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. वॉरंटीतला फोन आला, आपण नीट करून दिला, आणि महिन्याभरात तोच फोन त्याच तक्रारीसाठी परत आला, तर त्याला आम्ही 'रिपीट' म्हणायचो. आत, गिऱ्हाइकाला दिसणार नाही अशा भिंतीवर एक पांढरा बोर्ड होता. त्यावर आमची पाच जणांची नावं, आणि प्रत्येक रिपीटला नावापुढे एक रेघ. रेघ वाढली म्हणून कुणी मारत नव्हतं. कामावरून कुणाला काढलेलंही मी पाहिलं नाही. नुसती रेघ. माझ्या नावापुढे सगळ्यात कमी असायच्या, आणि मला त्याचा माज होता — खोटं कशाला बोलू? नवीन पोरं आली की मी त्यांना चहा प्यायला नेतो असं सांगून मुद्दाम त्या बोर्डासमोरून न्यायचो.

आणि मग गायकवाड मावशी आल्या.

राहायला कांजूरमार्ग पूर्वेला. साठीच्या आसपास, पालिकेच्या शाळेत शिपाई म्हणून अख्खी नोकरी करून रिटायर झालेल्या. आवाज असा खणखणीत की टोकन पुकारायची गरज नाही. फोन नवा, चार महिन्यांचा. तक्रार काय? समोरच्याचं सगळं ऐकू येतं, पण आपला आवाज पलीकडे जात नाही. स्पीकरवर टाकून झालं, इअरफोन लावून झाला — तेच. मध्येच चालतो, मध्येच मुका होतो.

पहिल्यांदा मी खालची छोटी पट्टी बदलली, जिच्यावर माईक असतो ती. मावशींना बाहेर दाराशी उभं केलं आणि माझ्या फोनवरून त्यांना फोन लावला. काचेतून माझ्याकडे बघत त्या ओरडल्या, "हॅलो साहेब, येतंय का ऐकू?" फोनशिवायही आलं असतं! सगळं सेंटर हसलं. मावशीही हसल्या. फोन चार दिवस चालला.

दुसऱ्यांदा आल्या तेव्हाच मला शंका आली होती. ही गोष्ट नीट ऐक. दुखणं पट्टीचं नव्हतं, फोनच्या मेन बोर्डाचं होतं, हे मला दुसऱ्याच वेळी जवळजवळ कळलं होतं. पण मेन बोर्ड मागवायचा तर कंपनीला कारण लिहून द्यावं लागायचं, वरून मंजुरी, वरून फोन, "आधी काय तपासलंत?" — कोण डोकं लावणार? मी पुन्हा पट्टीच बदलली. सॉफ्टवेअर नव्याने भरलं. चाललं तर चाललं. पाचव्या दिवशी मावशी हजर.

तिसऱ्यांदा नऊ दिवस फोन ठेवून घेतला. खरं तर तो ड्रॉवरमध्ये नुसता पडून होता. नऊ दिवसांनी तिसरी पट्टी लावून परत दिला.

चौथ्यांदा आल्या तेव्हा त्यांनी काउंटर डोक्यावर घेतलं. "मला काय येडी समजता काय? चार खेपा झाल्या! तुमच्याकडं आला की पोपटासारखा बोलतो आणि घरी गेला की मुका! पोरगी तिकडं आई, आई करती, मी इकडं बोंबलती, आणि ती ठेवून देती!" मग तिथंच, सगळ्यांसमोर, त्यांना रडू आलं. मी त्यांना आत बाकावर बसवलं. पाणी दिलं. तेव्हा सगळं कळलं.

मुलगी नांदेडकडे दिलेली. सातवा महिना. पहिल्या खेपेचं बाळ हाती लागलं नव्हतं, त्यामुळे ती आतून पार हबकलेली. दुपारी सासरची माणसं शेतावर गेली की तेवढा अर्धा-पाऊण तास तिला मोकळं बोलायला मिळायचं. तेव्हा ती आईला फोन करायची. आणि दुपारी मावशींच्या घरी दुसरा फोन नसायचा — मुलगा रिक्षावर, सून कामाला, घरात त्या आणि तिसरीतली नात, सांची. मुलगी फोनवर रडायची. मावशींना तिचं रडणं ऐकू यायचं, आणि त्यांचं एक अक्षर तिच्यापर्यंत पोचायचं नाही. विचार कर यार. आई फोन उचलते आणि काही बोलतच नाही.

हे सगळं मी ऐकलं. मान हलवली. वाईटही वाटलं, अगदी मनापासून. मग फोन घेऊन आत गेलो आणि —

थांब. आधी नियम सांगतो. चौथ्यांदा तीच तक्रार आली की हँडसेटच बदलून द्यायचा. मावशींचा तो हक्कच होता. फक्त त्यासाठी एक फॉर्म असायचा, आणि त्यात लिहावं लागायचं — पहिल्यांदा काय निदान केलं, दुसऱ्यांदा काय, तिसऱ्यांदा काय, आणि तिन्ही का चुकली. खाली टेक्निशियनची सही. तो फॉर्म वरपर्यंत जायचा. एवढंच. मला एक सही करायची होती की बाबा, मी तीनदा चुकलो.

फोनच्या आत एक बारीक पांढरा ठिपका चिकटवलेला असतो. तिळाएवढा. पाणी लागलं की तो लाल होतो. लाल ठिपका म्हणजे पाणी गेलेला फोन, आणि पाणी गेलेला फोन वॉरंटीत बसत नाही. तो रिपीटमध्येही धरला जात नाही, त्याच्या आधीच्या रेघाही पुसल्या जातात, कारण मग चूक गिऱ्हाइकाची.

मी कान साफ करायची कापसाची काडी घेतली. माझ्याच बाटलीतल्या पाण्यात बुडवली. ठिपक्याला टेकवली.

साहेबांनी सांगितलं होतं का? नाही. इतर कुणी करायचं का? मला माहीत नाही, मी कधी पाहिलं नाही. पहिल्यांदाच केलं असेल तर हात तरी कापायला हवा होता की नाही? नाही कापला. ठिपका लाल झाला, मी त्याचा फोटो काढला, फोटो जॉबशीटला जोडला. पाच मिनिटंही लागली नाहीत.

बाहेर येऊन मावशींना फोटो दाखवला. म्हणालो, "मावशी, आत पाणी गेलंय." मला वाटलं आता ही बाई आकाशपाताळ एक करणार. त्याची मी तयारी केली होती, उत्तरं जुळवून ठेवली होती. पण त्यांनी स्वतःच्या हातांकडे बघितलं, दोन्ही बाजूंनी. "माझ्याकडून गेलं असंल?" म्हणाल्या. मग पदराने तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "तीन खेपा तुमच्याशी भांडले हो. मनावर घेऊ नका."

माझी माफी मागितली त्यांनी.

त्या महिन्यात बोर्डावर माझ्या रेघा सगळ्यांत कमी होत्या. मुलीचं पुढे काय झालं, बाळ कसं आहे, आहे का — मला माहीत नाही. जॉबशीटवर मावशींचा नंबर होता. पत्ताही होता, घाटकोपरहून कितीसं लांब? मी सेंटर सोडलं, लग्न केलं, दुकान टाकलं, आणि या सगळ्यात मला एक फोन लावायला वेळ मिळाला नाही, असं म्हणू का? वेळ होता. रग्गड होता.

एवढंच असतं तर मी कदाचित हे लिहिलंही नसतं. पचवलं असतं. माणूस काय काय पचवतो! पण आतापर्यंत तुला सांगितलं ते मला सांगता येण्यासारखं होतं. उरलेलं आता सांगतो.

दोन-तीन दिवसांनी शनिवारी मावशी परत आल्या. या वेळी सांचीला घेऊन. पोरगी आठ वर्षांची, केसांना तेल लावून घट्ट वेण्या, अंगावर शाळेचा युनिफॉर्म — शाळा नव्हती तरी. एखाद्या समारंभाला आणावं तशी आणली होती. मला आधी वाटलं भांडायला आल्यात. पण मावशींचा चेहरा तसा नव्हता. त्या मला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाल्या, "साहेब, कुणाकडून झालं ते कळलं."

घरी मुलगा त्यांच्यावर चिडला होता, सून धुसफुसत होती. मावशींना आपल्या हातून पाणी गेल्याचं काही केल्या आठवेना. मग दुपारचं घरात दुसरं कोण असतं? सांची. सांची दोन दिवस नाही म्हणाली. आईने दोन रट्टे दिले, तरी नाही म्हणाली. मग मावशींनी तिला जवळ घेऊन शाळेतली गोष्ट सांगितली. त्यांच्या शाळेत एक रीत होती. काचबिच फोडलेलं पोर आपल्या पायाने मोठ्या बाईंच्या खोलीत गेलं आणि तोंडाने कबूल झालं, की त्याला शिक्षा नाही. बाई पाठीवर हात फिरवून सोडून द्यायच्या. मावशींनी तीस वर्षं त्या खोलीच्या दारात उभं राहून हे बघितलं होतं. त्यांचा त्यावर विश्वास होता. त्यांना वाटलं, पोरीने खरं सांगितलं की कंपनीही सोडून देईल.

म्हणून तिला माझ्यासमोर आणलं होतं. मोठ्या बाईंच्या जागी मी.

"सांग साहेबांना," मावशी म्हणाल्या.

सांचीने हात मागे बांधले. कविता म्हणतात तसं एका दमात म्हणाली, "सर, मी आजीचा फोन मोरीत नेला होता. माझ्याकडून पाणी सांडलं. मी परत असं करणार नाही."

सेंटरमध्ये वीसेक माणसं बसलेली होती. काही जण कौतुकाने बघत होते. मी काय करायला हवं होतं ते तुला माहीत आहे, मलाही माहीत होतं. एक वाक्य. नाहीतर निदान गप्प तरी बसायचं. गप्प बसलो असतो तरी चाललं असतं रे! पण मी खाली वाकलो, तिच्या गालाला हात लावला आणि म्हणालो, "शाब्बास. खरं बोललीस."

तिने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. गणिताचं उत्तर चुकीचं लिहावं आणि बाईंनी त्यावर बरोबरची खूण करावी, तसं काहीसं. तेवढ्या माणसांत पाणी सांडलेलं नाही हे दोघांनाच माहीत होतं, आणि आता त्यातल्या तिलाही नक्की वाटेनासं झालं असावं.

"मग आत्याचा फोन यायच्या आत होईल ना दुरुस्त?" तिने विचारलं.

मी म्हणालो, वॉरंटीत बसत नाही.

"पण मी कबूल केलं ना," ती म्हणाली. आधी मला, मग आजीकडे वळून, "आजी, मी केलं ना कबूल?"

 मावशींनी फोन रुमालात गुंडाळून पिशवीत टाकला, तिचा हात धरला. दारापर्यंत गेल्या, आणि पोरगी रीतभात विसरली म्हणून थांबल्या. तिला माझ्याकडे वळवून म्हणाल्या, "साहेबांना थँक्यू म्हण."

"थँक्यू सर."

मी म्हणालो, "वेलकम."