फरशीखालचं काम

आमच्या घरात ‘क्लेम’ हा शब्द मी आणला. सिव्हिलच्या तिसऱ्या वर्षाला तो विषय आहे. करारात नसलेलं काम करावं लागलं किंवा आपली चूक नसताना उशीर झाला, तर ठेकेदाराने आपली मागणी कशी मांडायची, हे त्यात शिकवतात. वर्गात मला सारखे पप्पाच दिसायचे. ते चाकणच्या कारखान्यांच्या शेडमध्ये काँक्रीटच्या फरशा करतात. करायचे, असं लिहायला हवं, आता ते काम बंद आहे. पण अजून तसं लिहवत नाही.

त्यांच्या शेवटच्या शेडमध्ये खोदताना एका बाजूला भुसभुशीत काळी माती लागली. साइटवरचे तरुण इंजिनियर म्हणाले, “काका, ही सगळी काढा आणि काँक्रीट भरून घ्या. वरच्यांशी मी बोलतो.” पप्पांनी माती काढली, काँक्रीट भरलं, वर फरशी केली. पण मुदत उलटून गेली. दरम्यान ते इंजिनियर नोकरी सोडून गेले आणि कंपनीने उशीर पप्पांवर टाकला. शेजारच्या शेडचं काम पप्पांना मिळायचं होतं, ते अडकलं. ते गेलं तर मजुरांची टोळी तुटणार होती. लातूरकडची ही माणसं मी पहिलीत असल्यापासून पप्पांसोबत होती.

“लिहून का नाही घेतलं?” रहाटणीच्या आमच्या खोलीत मी विचारलं.

“अगं, रोज माझ्या डब्यातलं जेवणाऱ्या पोराला लिहून दे म्हणायचं? तोंडावर चोर म्हणल्यासारखं झालं की.”

“मग आता तो डबाच घेऊन जा कंपनीच्या मीटिंगला,” आई आतून म्हणाली.

फरशीतून कोअर काढू द्या, असं कंपनीला सांगायला मीच सुचवलं. मशीनने गोल भोक पाडून आरपार तुकडा काढतात. खाली काय भरलंय ते त्यात दिसतं. वाढीव काम लेखी कळवायच्या मुदतीचं करारातलं कलम मला माहीत होतं. पण वाटलं, डोळ्यांना दिसल्यावर कलम कोण काढतंय?

“माझ्या फरशीला भोक पाडायचं?” पप्पा म्हणाले. आणि मग, “बरं.”

शेडमध्ये मशीन सुरू झालं तेव्हा टोळी भोवती उभी होती. त्यातला एक म्हणाला, “ताई, कॉलेजात असलं भोक पाडायलाच शिकवतेत व्हय?” सगळे हसले, पप्पासुद्धा. तुकडा बाहेर आला. वर फरशीचा गुळगुळीत थर, त्याखाली नकाशात नसलेला, काँक्रीटच्या भरावाचा जाड थर. मला इतका आनंद झाला, की मी पप्पांचा हातच धरला.

कंपनीच्या प्रोजेक्ट मॅनेजरने तुकड्याला मोजायची टेप लावून पाहिली. माणूस वाईट नव्हता. “काका, काम झालंय, मान्य. पण माती लागली तेव्हा ठरल्या मुदतीत लेखी कळवायचं होतं. आता मला मुदतवाढ देता येत नाही.”

“साहेब, तुमच्याच इंजिनियरनं सांगितलं हो.”

“मग त्यांच्याकडून तसं येऊ द्या.”

पप्पांनी तिथेच त्या इंजिनियरना फोन लावला. स्पीकरवर आवाज आला, “काका, मला यात नका ना घेऊ. मी इथं नवीन आहे.”

“बरं बरं,” पप्पा म्हणाले. “जेवलास का?”

मला मॅनेजरशी भांडायचं होतं. पण ते नियमाने बरोबर होते. पप्पांना ते तितकंसं कळलं नसेल, मला पूर्ण कळत होतं.

शेजारची शेड दुसऱ्या ठेकेदाराला गेली. टोळी पप्पांना सोडायला तयार नव्हती. “तुमचं नवीन काम निघंपर्यंत थांबतो की,” म्हणत होते. पप्पांनीच त्यांना तिकडे जायला लावलं. मग त्या ठेकेदाराला फोन केला. मी शेजारीच अभ्यासाला बसले होते.

“उंच पोरगा हाय ना, त्याला फिनिशिंगला लावा. हात हलका हाय त्याचा. म्हाताऱ्याला उन्हात ठेवू नका, बोलणार न्हाई तो, पण त्याला त्रास होतो. आन् साइटवर कुणी वाढीव काम सांगितलं तर लिहून...” पप्पा थांबले. पलीकडून हॅलो, हॅलो ऐकू येत राहिलं.

“काही न्हाई भाऊ,” ते म्हणाले. “पोरं चांगली हायेत.”